पत्र्यावरचा बाळकृष्ण

आषाढ शु. ४
ह्यांनी मुंबईहून तसबीर आणली. बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा. कागद नव्हे, पत्र्यावर छापलेला. कुणा मोठ्या चिताऱ्याच्या चित्रावरून विलायतेत छापतात म्हणे. "जव्हारच्या दमटीत कागदाला बुरशी लागते. हा जन्मभर टिकेल." कचेरीतला हुकूम वाचावा तसं सांगितलं. बैलगाडीत आदळून गालाला पोचा आलाय, बारीकसा. खाटेसमोर टांगला. पोटुशीने बघावं तसं मूल होतं. आधीची दोन गेली. हे राहू दे रे लबाडा.

आषाढ व. २
सातवा लागला. सासूबाई दिवसातून दहांदा, "बघितलंस का गं त्याच्याकडे?" बघते बाई. नवऱ्याकडे इतकं कधी बघितलं नाही.

आषाढ व. ९
पाऊस हटत नाही. भिंतींना ओल. आज पोच्यापाशी तांबूस ठिपका. गंजच. कुणाला बोलले नाही.

श्रावण शु. २
ठिपका पसरत डोळ्याशी गेला. जेवण जात नाही. हे म्हणाले, काढून ठेवू. मी नको म्हटलं. ह्या दिवसांत देव भिंतीवरून उतरवायचा? सासूबाई बघून गेल्या, अवाक्षर बोलल्या नाहीत. त्याचीच भीती वाटते.

श्रावण शु. ७, रविवार
उद्या श्रावणी सोमवार, म्हणून सासूबाई देव घासायला बसल्या. मला दुपारी डोळा लागला होता. उठून बघते तर पितळेच्या देवांत माझा बाळकृष्णही. चिंच नि राख लावून घासलेला. गंज गेला. गालही गेले, डोळेही. मोरपीस आणि लोण्याचा गोळा तेवढा शाबूत.
"मला वाटलं, पितळेसारखा उजळेल गं."
मी म्हटलं, तुम्ही घालवलंत माझं बाळ. म्हणायला नको होतं. पण म्हटलं.

श्रावण शु. ८
सासूबाईंचा उपास होताच. सोडायच्या वेळीही जेवल्या नाहीत. तसबीर त्यांनीच पुसून परत टांगली. हे म्हणतात, विसर्जन करू. पत्रा कुठे विरतो पाण्यात?
पोशेऱ्याची सुईण पोट चोळायला आली. रखमी. वर बघून म्हणाली, "आमचे भिताडाव कदी तसबीर नव्हती बाय. मना सात पोरां झाली. सगल्यांना नाक-डोलं हायेत." हसू आलं. पण मग तिचा हात पोटावर थांबला. "कदी हललाय यो?"
काल दुपारी, म्हटलं. तिने पुन्हा पोट चाचपलं. म्हणाली, "झोपला आसल. उद्या येतंय मी."

श्रावण शु. ९
अजून नाही. सकाळपासून डाव्या कुशीवर आहे. समोर तसबीर. घासल्या जागी माझंच तोंड दिसतं, अंधुक. सासूबाई मागे येऊन बसल्या, त्याही दिसल्या. परवाचं बोलणं मी मागे घेतलं. त्या म्हणाल्या, "ते राहू दे." आणि हात माझ्या पोटावर ठेवला. दोघी रखमीची वाट बघतोय. पाऊस फार, ओढा भरला असेल. हात अजून तिथंच आहे.