फुकटची किल्ली

४ फेब्रुवारी

चिरंजीव आज फार खुशीत. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवरचा फोटो सुधारायचा प्रोग्रॅम पैसे मागत होता, तर ह्याने नेटवरून त्याची फुकटची किल्ली उतरवून घेतली. मी शेजारीच पाकिटं चिकटवत बसले होते.

"आई, आधी अँटीव्हायरस बंद करायचा, मग ही चालवायची. तसं लिहिलंच आहे."

म्हटलं, "अँटीव्हायरस म्हणजे तो राखणदार ना? राखणदाराला झोपवून जो घरात शिरतो, त्याला काय म्हणतात रे?"

"तुला नाही कळायचं."

नाहीच कळत. अक्षराशी माझी ओळख नाही. ही रोजनिशीसुद्धा नातीने फोनमध्ये सोय करून दिली म्हणून — मी बोलते, तो लिहितो. काय लिहितो ते त्यालाच ठाऊक.

५ फेब्रुवारी

प्रोग्रॅम झकास चालतोय. मला दिवसभर गप्प बसावं लागलं — ह्याहून मोठी शिक्षा नाही.

९ फेब्रुवारी

बेकरीवाल्यांच्या मुलीचं लग्न पार पडलं, फोटो कॉम्प्युटरवर चढले. मी पाकीट तयार केलं. आत भरायचे फोटो अल्बम ठरल्यावर निघतील, पण पाकीट आधी लागतं. मला नावं वाचता येत नाहीत, म्हणून प्रत्येक पाकिटावर गिऱ्हाइकाचा अंगठ्याएवढा फोटो लावते. चेहरा बघायचा, पाकीट द्यायचं.

या खेपेला नवरीचा सोडून तिच्या आजीचा लावला. नवरी सगळ्या फोटोंत एकसारखी हसते, दात मोजून घ्यावेत तशी. आजी मात्र मोबाईल दिसला की तोंड फिरवणारी. चिरंजिवांनी लांबून टिपली — नातजावयाच्या चकचकीत बुटांकडे बघून खुदकन हसताना.

नवरीचा भाऊ आला होता. त्याला सगळे फोटो पेनड्राइव्हवर भरून दिले, निवडायला. वर चिरंजिवांनी त्यातच ती किल्लीही भरून दिली, भेट म्हणून. दानशूर कुठला.

१८ फेब्रुवारी

बेकरीवाल्यांची आजी गेली. झोपेतच.

संध्याकाळी नवरी आली. डोळे सुजलेले. "आजीचा एक फोटो मोठा करून द्या, भिंतीवर लावायला. आमच्या कुणाच्याच मोबाईलमध्ये ती नाही हो. सगळीकडे पाठ नाहीतर पंजा."

चिरंजीव म्हणाला, "आहे माझ्याकडे. छान आलाय."

१९ फेब्रुवारी

कॉम्प्युटर उघडला तर लालभडक पडदा. मध्ये कुलपाचं चित्र.

"काय लिहिलंय रे?"

"सगळ्या फाइलींना कुलूप लावलंय म्हणे. पैसे भरा, मग किल्ली देतो."

"किल्ली तर आहे की आपल्याकडे, फुकटची."

तो हसला नाही. तेव्हा मी जीभ आवरली.

दुरुस्तीवाला आला. म्हणाला, पैसे दिले तरी उघडेल ह्याचा नेम नाही. सगळं पुसून नव्याने बसवू. बँकेचा पासवर्डही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. "काही फुकटचं चालवलं होतंत का?" चिरंजीव पंखा बघायला लागले. पंखा बंद होता. कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे लग्नाचे फोटो पुसून तर केव्हाच पुढची कामं चढलीत.

नवरीला दोन दिवसांनी बोलावलंय. तिला काय सांगायचं, हे तो मलाच विचारत होता.

२० फेब्रुवारी

सकाळी ताटाला हात लावेना. मग एकदम उठला. "आई, पेनड्राइव्ह! नवरीच्या भावाकडे सगळेच्या सगळे फोटो आहेत!"

भाऊ गावाला गेलाय. फोनवर म्हणाला, उद्या घरी पोचलो की पाठवतो.

दुपारी चिरंजीव दोन माणसांचं जेवले. नवा प्रोग्रॅम पैसे मोजून घेतला, पावतीसकट. राखणदारही जागा आहे. मी कौतुक केलं — बेताचंच, नाहीतर चढतं त्याला.

२१ फेब्रुवारी

नवरी येऊन बसली आणि भावाचा फोन आला. त्याच्याही पडद्यावर लाल कुलूप. पेनड्राइव्ह तिथेच लावून ठेवलेला, त्यालाही कुलूप. भेट मिळालेली किल्ली त्याने गावाला जायच्या आधी चालवली होती.

चिरंजिवांनी डोकं हातात धरलं. मी कपाटातून त्यांचं पाकीट काढलं, तिच्यापुढे ठेवलं. ती नखाने फोटोची कड उचलायला लागली, मग थांबली.

"असंच नेते," म्हणाली. रिकामं पाकीट छातीशी धरून गेली.