एका रात्रीचे चार ठिपके

आई, तू गेल्याला अकरा वर्षं झाली आणि मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट आठवीतली. छत्रीबागेतल्या आपल्या घराच्या गच्चीवरून मला एक नवा तारा सापडला होता. नकाशात तो नव्हता, म्हणून सकाळी शाळेत प्रार्थना संपल्यावर मी तो सगळ्यांसमोर जाहीर केला. तू त्याच शाळेत विज्ञान शिकवायचीस. जागेवरूनच म्हणालीस, "तो शनी आहे, खाली बस." पुढची दोन वर्षं मुली मला साडेसाती म्हणत होत्या. संध्याकाळी ओट्याशी पोह्यांवर जिरावणाचा मसाला भुरभुरताना तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "एक रात का क्या है गं? दुसऱ्या रात्री पण बघायचं, जगह बदलली का बघायचं, मग तोंड उघडायचं. आकाश कुठे भागून चाललंय?" मी रडत रडत दोन बशा पोहे खाल्ले.

आता हेच काम मी हौसेनं करते. दूरच्या एका दुर्बिणीनं काढलेले फोटो कॉम्प्युटरवर येतात. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या मिनिटांनी काढलेले चार. ऑफिसला जायच्या आधी जेवणाच्या टेबलावर मी ते एकामागून एक फिरवते. तारे जागच्या जागी राहतात, आणि जो ठिपका सरकतो तो लघुग्रह. त्याच्या जागा मोजून लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला कळवायच्या, एवढंच. परवा परवापर्यंत सगळे ठिपके मुंगीच्या चालीनं सरकायचे. मग एका सकाळी एक असा दिसला की चौथ्या फोटोपर्यंत तो पार कडेला पोचला होता. इतकं भराभर सरकणारं काही पृथ्वीच्या जवळ असतं, आणि ते एकाच रात्रीच्या मापांवर ताबडतोब कळवायचं असतं. मला हे पाठ आहे. पोरगी डबा भरता भरता मागून बघत होती. म्हणाली, "मम्मी, भेजलंस का तू?" मी म्हटलं, "एक रात्र थांब."

दुसऱ्या रात्रीच्या फोटोंत तो नव्हता. तिसऱ्या रात्रीही नाही. मी फाइल बंद केली. कॅमेऱ्याचा दोष असेल, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर ती पटली नव्हती.

तीन आठवड्यांनी परदेशातल्या एका वेधशाळेला तो सापडला, आपल्यापासून लांब जाताना. फार मोठा नाही, कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्रीएवढा, म्हणजे एखाद्या देवळाएवढा असेल. पण तसा एखादा इथे पडलाच, तर तीस किलोमीटरवरच्या बेटम्यापर्यंत एक काच शाबूत राहणार नाही. तो परत येणार आहे. तेव्हा पोरगी माझ्या आत्ताच्या वयाची असेल. त्यांच्याजवळ तो लांब जातानाच्या मोजक्याच नोंदी आहेत, त्यामुळे परतीची वाट त्यांना नीट आखता येत नाही; ती रुंदच राहते, आणि तिच्यात पृथ्वीही येते. आपल्याला धोका असण्याची शक्यता अगदी थोडी आहे असं ते म्हणतात, आणि कुणाला तो आधी दिसला असेल तर कळवा, अशी विनंती करतात. तो आधी कुणाला दिसला होता, हे जगात आम्हा दोघींनाच माहीत आहे. परवा पोरीनं पुन्हा विचारलं, "वो तेरेवालाच आहे ना?" मी तिला कॉलेजला उशीर होतोय म्हणून पिटाळलं.

त्यांच्या नोंदी उघड्या असतात. त्यांत माझे चार ठिपके घालून मी स्वतःच गणित केलं. वाटलं होतं, वाट अरुंद झाली की पृथ्वी तिच्या बाहेर पडेल. बहुतेक वेळा तसंच होतं. वाट अरुंद झाली, पृथ्वी मात्र आतच राहिली, म्हणजे धोका वाढला.

रिपोर्ट लिहून तयार आहे. तारीख बघून ते विचारतील, इतके दिवस काय करत होतात? तुझं नाव मला सांगता येणार नाही. हे पत्र लिहीत बसले, तेही तो पाठवणं टाळायलाच. इतकी वर्षं चूक ठरायची लाज वाटायची. या वेळी मी चुकलेली असावी असं मनापासून वाटतंय, आई, आणि गणित पुन्हा केलं तरी तसं निघत नाही.