दुसऱ्या चहाचे बंड

मी, अजिनाथ बिरप्पा वाघमोडे, वय ७४, राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार जुळे सोलापूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. शुद्धीची खात्री डॉक्टरांनी केली आहे. दडपण नसल्याची खात्री पत्नी मथुराबाई शेजारी बसून करीत आहे.

१. राहते घर मथुराचे. तिच्या पश्चात मुलगी रुपाली व मुलगा ऋतुराज यांचे निम्मे निम्मे. भांडायचे असल्यास आत्ताच, माझ्यासमोर भांडून घ्यावे.

२. वैरागची जमीन ऋतुराजची. त्याने तिथे एकदा तरी चपला काढून चालावे.

३. क्रांत्या का होतात यावरची एक्केचाळीस पुस्तके रुपालीला. एक विद्वान म्हणतो, नुसता उपाशी माणूस उठत नाही. बरे दिवस येऊन अचानक हिसकावले गेले की उठतो. दुसरा म्हणतो, चीड सगळीकडेच असते, माणसे जमवणारा लागतो. तिसरा म्हणतो, वरच्यांत फूट पडल्याशिवाय खालच्यांचे काही चालत नाही. पहिला माझा लाडका. त्याच्यापायी मी मित्र गमावला.

४. तो मित्र शंकरप्पा म्हेत्रे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणारा. तिथे तीन वर्षे दुपारी दुसरा चहा मिळायचा. २०१३ साली मालकांनी तो बंद केला आणि कामगारांनी नऊ दिवस माग बंद ठेवले. मी कॉलेजच्या अंकात लेख लिहिला: मिळालेले सुख काढून घेतले, म्हणून उद्रेक झाला. अंक घेऊन शंकरप्पा घरी आला.

"मास्तर, दुसरा चहा शेजारच्या सहा कारखान्यांत बी बंद झाला. तितं कोण उठलं? मी सायकलवर चाळीस घरं फिरलो. तुमच्या लेखात चहा हाय, मी कुटं हाय?"

मी म्हणालो, शास्त्रात एकट्या माणसाला महत्त्व नसते.

मथुरा स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या दोघा मालक भावांचं भांडण नसतं, तर संप दुसऱ्याच दिवशी मोडला असता की." तिने यातले एकही पुस्तक वाचलेले नाही, याचा मला अजून राग आहे.

शंकरप्पा त्यानंतर बारा वर्षे बोलला नाही. चुकलो मी. त्याचे नाव घालायला एक ओळ पुरली असती. त्याच्याशिवाय वाद घालायला मजा येत नाही, हेही लिहून ठेवतो. सबब, ज्या शिसवी आरामखुर्चीत बसून तो मला खोडून काढायचा, ती त्याला द्यावी.

५. दुरुस्ती. आज सकाळी मथुरा स्वतः जाऊन शंकरप्पालाच साक्षीदार म्हणून घेऊन आली. वकील म्हणाले, साक्षीदारालाच मृत्युपत्रातले काही मिळाले, तर पुढे शंका निघतात. खुर्ची घ्या, नाहीतर सही करा. शंकरप्पाने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

"सही केली तर कागदावर नाव येतंय न्हवं?"

"येणारच."

"मग खुर्ची ऱ्हाऊ दे."

सबब कलम ४ मधील खुर्चीची देणगी रद्द. खुर्ची मथुराची, या अटीवर की शंकरप्पा आला की तीच पुढे करावी आणि त्याला चहा दोनदा द्यावा.

सोलापूर, दि. १४ ऑक्टोबर २०२५

(सही) अजिनाथ बिरप्पा वाघमोडे

आमच्यादेखत सही झाली, साक्षीदार:

१. डॉ. जोतीराम माने, शुद्धी तपासणारे

२. शंकरप्पा सिद्धाराम म्हेत्रे. २०१३चा संप याने केला.