आत्याच्या मलमाचं शास्त्रशुद्ध जतन

३ फेब्रुवारी, सकाळ
निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, आता मागे वळून पाहायचं नाही. पण घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणजे मागेच वळावं लागणार. वळतो. ग्रंथाचं नाव पक्कं: ‘आमचं घराणं, खंड पहिला’. मुखपृष्ठाचा रंगही ठरला. फक्त मजकूर राहिलाय.

४ फेब्रुवारी
वंशवृक्षाला प्रारंभ. माहिती देणारं माणूस एकच उरलंय, आत्या. बाबांची धाकटी बहीण, पंच्याऐंशीची, चष्म्याशिवाय समोरचं दिसत नाही, राहते आमच्याच मागच्या खोलीत. दुपारभर विचारून नाकी नऊ आले. झाडावर सध्या तीन दादा, दोन अण्णा, एक थोरल्या आणि एक ‘आमचे हे’. खरी नावं विचारली तर म्हणते, घरच्या माणसांना कोण नावाने हाक मारतं रे? एक दादा बहुधा दोन फांद्यांवर बसलाय.

७ फेब्रुवारी
वंशवृक्ष तूर्त स्थगित. माघार नव्हे, प्राधान्यक्रम.
खरा ठेवा म्हणजे मलम. भाजलं, कापलं, टाच फुटली की आमच्याकडे आत्याचं मलम. तिला तिच्या आईने शिकवलं. तिने कुणालाच शिकवलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. लहानपणी माझा हात इस्त्रीवर पडला तेव्हा बाबांनी हेच लावलं होतं. डबी उघडली की अजून आधी वास घेऊन बघतो. हे ग्रंथात घालायचं नाही. डबी तळाला आलीय.
बायको म्हणाली, मग आत्यांबरोबर ओट्यापाशी उभे राहा आणि एकदा करून बघा की. तिला डॉक्युमेंटेशन म्हणजे काय ते कळत नाही. मी उभी हयात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलीय. प्रत्येक गोष्टीची पद्धत असते.

१० फेब्रुवारी
भारीतला रेकॉर्डर आणला. मुलीने फोनवर व्हिडिओ काढा म्हणून सुचवलं. धुडकावलं. कॅमेरा दिसला की माणूस नाटकी होतं. आवाज प्रामाणिक असतो.

११ फेब्रुवारी
चाचणी. स्वयंपाकघर बाद. तिथे नळ, फ्रिज आणि बायको असे तिघे आवाज करतात. त्यामुळे स्टुडिओ मागच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाला खेटून. खिडक्या बंद, पंखा बंद. आत्या म्हणाली, शेगडी नाही, कढई नाही, मी सांगू कशी? म्हटलं, आहे असं समज. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

१४ फेब्रुवारी
पहिलं सत्र. अप्रतिम! तिने हवेत कढई ठेवली, हवेत मेण चिरलं, हवेतच ढवळलं. मी डोळे मिटून आवाजाच्या पातळीकडे लक्ष दिलं. आरंभी माझी छोटीशी प्रस्तावना आहे. आत्या म्हणते, त्या प्रस्तावनेत तिचा डोळा लागतो.

२२ फेब्रुवारी
सत्रं जोरात. आज मात्र तिने दोनदा माझा हात धरून काहीतरी दाखवायला बघितलं आणि माईकला धक्का लागला. हात मांडीवर ठेवून बोल, असं नम्रपणे सांगितलं. त्यानंतर अडखळायलाच लागली. वय झालं, दुसरं काय.

१ मार्च
डबी संपली. बायकोने पुन्हा टुमणं लावलं, आत्या हिंडत्याफिरत्या आहेत तोवर एकदा करून घेऊ. म्हटलं, सगळं रेकॉर्ड झालंय, घाई कशाला? आधी उतरवून काढतो.
उद्यापासून.

९ मार्च
सकाळी आत्याला अर्धांगाचा झटका. डावी बाजू गेली. आत्या डावरी आहे. डॉक्टर म्हणाले, वाचा शाबूत आहे, हाताचं काही सांगता येत नाही. वाचा शाबूत आहे हे ऐकून हायसं वाटलं. म्हणजे शास्त्र सुरक्षित आहे.
घरी आलो. मागच्या खोलीत गेलो नाही.

१५ मार्च
उतरवायला बसलो. शब्दशः असं आहे:
मेण एवढं घ्यायचं. तेल इतकं. इतकं नाही रे, इतकं. आच अशी ठेवायची. मग ढवळताना हात असा, असा, आणि मग असा. बोटावर घेतलं की असं व्हायला हवं. असं झालं की लगेच उतरवायचं, नाहीतर तसं होतं.
बाकी मी बोलतोय. आवाजाची गुणवत्ता उत्कृष्ट.

१६ मार्च
सगळी सत्रं ऐकून संपवली. एवढं, इतकं, असं. एका ठिकाणी ती विचारते, बघतोयस ना? आणि मी म्हणतो, हो हो, चालू दे.
कपाळाला हात लावून बसलो होतो. बायको चहा ठेवून गेली.

१८ मार्च
खचून चालणार नाही. अंदाजाने स्वतःच केलं. पहिल्या कढईत मेणबत्ती झाली. दुसरीत नुसतं तेल. तिसरीत बोट भाजलं. लावायला घरात मलम नाही. बायकोने बोटावर गार पाण्याची धार धरली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च, दुपार
हॉस्पिटल. खिशात मेणाचा तुकडा, हातात फोन, या वेळी व्हिडिओ चालू. नर्सने हे काय म्हणून विचारलं. संशोधन, म्हटलं.
आत्याला विचारलं, मेण किती घ्यायचं? ती चटकन म्हणाली, एवढं. मी थांबलो. ती आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. तो पांघरुणावर होता तसाच पडून राहिला. मग तिने उजवा उचलला. बोटं जुळवली, उघडली, पुन्हा जुळवली. म्हणाली, ह्या मेल्याला काही माहीतच नाही रे. सगळं तोच करायचा.
मी फोन बंद केला. रडू येत होतं, म्हणून खिडकीबाहेर बघून आलो.
परत आलो तर तिने विचारलं, पण तुला समजलं ना? हो, म्हटलं. मग दाखव किती, म्हणाली.
मी बोटांनी दाखवलं. काहीतरी.
बरोबर, म्हणाली. समाधानाने डोळे मिटले.
चष्मा तिने लावलेलाच नव्हता.