शिडीला पाय लावायचा नाही

फॉल रिव्हर, अमेरिका, जून

प्रिय उर्बानो,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आईच्या चुलीजवळच्या बाकावर बस, पाय लांब कर आणि मग वाच. फोन करता आला असता, पण फोनवर तू दुसऱ्याच मिनिटाला "बरं दादा, आईशी बोल" म्हणून निसटतोस. पत्रातून असं निसटता येत नाही, कारण आई शेजारी बसून ते मोठ्याने वाचून घेते, हे मला ठाऊक आहे. आई, तूही ऐक गं.

नाताळात तू लिहिलं होतंस, "लंगड्या माणसाला कामावर घेतलंस तर विमा कंपनी तुझा हप्ता कुठच्या कुठे नेऊन ठेवेल. तुझा धंदा माझ्या पायापायी बुडायला नको. मी इथे द्राक्षांत बरा आहे." मी त्यावर काहीच लिहिलं नाही. तुझं म्हणणं मलाही खरं वाटत होतं, म्हणून बोलायला तोंड नव्हतं. आज लिहितोय. ते खोटं आहे, उर्बानो! साफ खोटं!

बुधवारी विमा कंपनीची बाई हिशेब तपासायला आली होती. विम्याचं वर्ष संपलं की असं कुणीतरी येतं आणि कुणाला किती मजुरी दिली, कोण छपरावर होतं, कोण खाली होतं, ते सगळं विचारतं. तू हे कधी पाहिलं नाहीस, कारण आपण इथे ज्याच्याकडे छपरांवर राबत होतो त्या गृहस्थाने विमा काढलाच नव्हता. तू पडलास तेव्हा तो सरळ म्हणाला, "हा माझा माणूसच नाही, आपल्या मर्जीने वर चढला होता." कायदा म्हणतो, एक माणूस जरी कामावर ठेवला तरी भरपाईचा विमा हवा. मग चूक कुणाची का असेना, पडलेल्याचा दवाखाना आणि घरी बसावं लागलं तर मजुरीचा मोठा हिस्सा कंपनी देते. तुझ्या वाट्याला मात्र फादरनी चर्चमध्ये फिरवलेली टोपी आली आणि परतीचं विमान. म्हणून मी माझं काम सुरू केलं तेव्हा पहिली शिडी घेण्याआधी विमा घेतला. छपरावरच्या माणसाच्या शंभर डॉलर मजुरीमागे तीसेक डॉलर हप्त्यातच जातात. तुझी देओलिंदा वहिनी म्हणते, "आपण दुसऱ्यांची छपरं करतो, आणि कंपनीची माडी उठते." म्हणू दे. सकाळी माणसं वर चढतात तेव्हा मी खाली उभा राहून एक छोटी प्रार्थना म्हणतो, आणि खिशात विम्याचा दाखला असला की प्रार्थना नीट म्हणता येते.

तर ती बाई, ओंदिना ब्रुम नाव तिचं. तरुण, चष्मा, ताठ बसणारी. आजी आपल्या पिकोच्या समोरच्या, सदा चढाओढीच्या फायाल बेटावरची निघाली! झालं, देओलिंदाने गोड पाव काढला आणि म्हणाली, "फायालची का? मग पाव मोजूनच ठेवते." ती हसून म्हणाली, "ठेवा, पण तुमच्या पिकोचा डोंगर आमच्याच खिडकीतून चांगला दिसतो, हेही लिहून ठेवा." आम्हाला वाटलं, बाई आपलीच आहे, भागलं काम. तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. मठाचं छप्पर पुरं झालं त्या दिवशी काढलेला तो फोटो, सगळे आढ्यावर बसलेले.

"हे शेवटचे कोण? यांचं नाव नाही दिलंत."

"तो बेलार्मिनो. सुतार आहे. माझा माणूस नव्हे."

"मग छपरावर काय करताहेत?"

"दिवस फेडतोय."

तिला कळेना. मी समजावलं, आदल्या आठवड्यात मी त्याच्याकडे एक दिवस काम केलं होतं, म्हणून मग तो माझ्याकडे एक दिवस. आमच्या गावी द्राक्षतोडणीला असंच चालतं, कुणी कुणाला पैसे देत नाही.

"आणि पडले तर?"

"पवित्र आत्मा आहे ना वर."

तिने पेन उचललं. "त्यांच्या विम्याचा दाखला आहे का तुमच्याकडे?"

देओलिंदा आणखी पाव आणायच्या निमित्ताने आत पळाली, तिचं हसणं भिंतीतून ऐकू येत होतं. मी बेलार्मिनोला बोलावून घेतलं. तो अंगावरचा भुसा झटकत आला आणि आल्या आल्या तावातावाने म्हणाला, "मला काय विचारता? माझा विमा आहे, दर वर्षी भरतो!" बाई शांतपणे म्हणाली, "तो तुमच्या दोन कामगारांचा. धंदा एकट्याच्या नावावर असला की मालक स्वतः त्यात धरला जात नाही. मलाही धरा, असं लेखी कळवावं लागतं. कळवलंय का?" बेलार्मिनो मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे मी एवढी वर्षं उघडाच फिरतोय?" "सगळ्यांवर छप्पर घातलंस," देओलिंदा दारातून म्हणाली, "आणि स्वतः पावसात!" दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःला त्या विम्यात घालून आला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आई काळजी करत बसेल.

पण त्याचे माझ्याकडचे आतापर्यंतचे दिवस बाई माझ्याच खात्यात धरणार, तेही छपराच्या दराने, हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मग धरा सगळ्यांनाच! उद्या मी टेबलाशी माणूस बसवला, फोन घ्यायला, मापं काढायला, तर त्यालाही छपरावरच चढवा!"

ती म्हणाली, "त्याला कशाला? तो कचेरीतला माणूस. त्याचा वर्ग वेगळा. शंभरामागे काही सेंट."

उर्बानो, मला लगेच तू आठवलास. हल्ली मापं विमानातून काढलेल्या फोटोंवरून पडद्यावर घेतात, ते काम मी रात्री जेवल्यावर डोळे चोळत करतो आणि हमखास चुकतो. तू तर रस्त्यावर उभा राहून नुसता उतार बघून सांगायचास, किती कौलं लागतील ते. मी हळूच विचारलं, "आणि त्या माणसाचा पाय आधीच अधू असेल तर?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दर कामावर असतो, सेन्योर. पायावर नसतो. तो दिवसभर कुठे असतो, एवढंच आम्ही बघतो." मग पेन माझ्यावर रोखून म्हणाली, "पण त्याने शिडीला पाय लावायचा नाही. एकदा जरी वर गेला तरी त्याची सगळी मजुरी छपराच्या दराने धरीन." मी म्हणालो, "बाई, त्याला ओळखत नाही तुम्ही. त्याला खुर्चीला बांधावं लागेल." देओलिंदा म्हणाली, "दोर मी देते."

खिडकीजवळ टेबल लावून झालंय. तुझ्या वहिनीने खुर्चीवर उशीही शिवून घातलीय, त्या पायाखाली घ्यायला बुटकं स्टूलही आहे. आणि गेल्या उन्हाळ्यात तू अमेरिकेचा पासपोर्ट नवा करून घेतलास, हे आईने मला सांगितलंय. ज्याला द्राक्षांतच राहायचंय त्याला पासपोर्ट कशाला लागतो, हे मी विचारत नाही.

आता जे सांगायला बसलो ते. बाई आली बुधवारी, पण त्याच्या आधीच्या रविवारी, ट्रिनिटीच्या सणाला, आपल्या मंडळाच्या सभागृहात पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्या काढल्या. पवित्र आत्म्याचा मुकुट ईस्टरनंतर सात आठवडे, ज्यांच्या चिठ्ठ्या निघतील त्या सात घरी राहतो, तुला काय सांगायचं. तू गेलास त्या वर्षापासून मी माझ्याबरोबर तुझंही नाव टाकतो, कुणाला न सांगता. एर्मेलिंदा मावशीने शेवटची चिठ्ठी काढली, सातव्या रविवारची, सगळ्यांत मानाची, आणि वाचलं, "उर्बानो गुलार्त." अध्यक्ष म्हणाले, "तो तर पिकोला आहे. इथे नसलेल्या माणसाच्या घरी मुकुट कसा ठेवायचा? दुसरी काढा." मावशीचा हात पिशवीकडे गेला आणि मी उभा राहिलो. कसा राहिलो, देव जाणे. तेव्हा ना टेबल होतं, ना काही सेंटांचा दर, ना ती फायालची नात. मी सगळ्यांसमोर, मुकुटासमोर म्हणालो, "काढू नका. तो येतोय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन रात्री मी देवाला एकच विचारत होतो, की आता मी काय करू. चौथ्या दिवशी त्याने हिशेब तपासायला बाई पाठवली. ये, उर्बानो. मला त्या सभागृहात खोटा पाडू नकोस.

तुझीच वाट बघणारा,
तुझाच दादा
एर्मीनियो