‘अश्विन दुबई’ नावाचा नंबर

केशोरी,
शनिवार

प्रिय देवेंद्र,

हातात फोन असताना ही कागद कशाला काळे करते, म्हणून हसशील. हे पत्र उद्या गोंदियाला तुझ्या खोलीवर येणाऱ्या खुशबूच्या कॉलेजच्या फॉर्मांमध्ये घालून पाठवते आहे. तुझ्या बहिणीला आत काय आहे ते ठाऊक नाही, सांगूही नकोस. वाचून झाल्यावर मला फोन करू नकोस. त्या एजंट इंद्रकुमारनं तुझ्या मोबाइलमध्ये ‘व्हिसाचं’ म्हणून जे ॲप टाकून दिलं आहे, ते काय काय ऐकतं हे मला माहीत नाही. मंगळवारी तू त्याच्यासोबत गोंदियाहून दुबईला निघणार, त्याआधी हे तुझ्या हातात पडलं पाहिजे.

सगळं सुरू झालं माझ्या चिक्कटपणातून. तू मला नेहमी चिडवतोस ना, तर ऐक. धान निघाल्यावर आमचा अश्विन त्याच इंद्रकुमारनं लावून दिलेल्या दुबईच्या नोकरीवर गेला, तेव्हा त्यानंच आईच्या फोनमध्ये एक नंबर टाकून दिला होता, ‘अश्विन दुबई’ या नावानं. कंपनीचा फोन आहे, त्याला बाहेर लावता येणार नाही, तुम्हीच दर रविवारी बारा वाजता लावत जा, असं तो म्हणाला. व्हॉट्सॲपवर दुबईशी बोलता येत नाही हे आम्हाला ठाऊकच होतं. शेजारच्या भैयाजींचा जावई तिथं असतो. म्हणून आम्ही साधा फोन लावायचो. चार मिनिटांत बॅलन्स साफ. आई म्हशीचं, बाबांच्या खोकल्याचं, कॅनॉलच्या पाण्याचं एका दमात सांगायची, आणि त्याचं ऐकायची वेळ आली की फोन तुटायचा. मग ती बंद फोन मांडीवर ठेवून बसून राहायची. मला ते बघवेना.

अर्जुनीच्या सेंटरवर मी दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. बारीक अक्षरातल्या अटी वाचून सांगणं यावरच माझं पोट. तेव्हा म्हटलं, आपल्याच घरी हा अंधार कशाला. हिमांशूच्या दुकानातून दुबईचा स्वस्त पॅक टाकून घेतला. रविवारी बोलणं झालं, पॅक तसाच राहिला आणि मूळ बॅलन्स कापला गेला. मी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर हिमांशूला चोर म्हटलं. तो बिचारा म्हणाला, ताई, पॅक त दुबईचाच आहे, तुमचा नंबर कुठचा आहे ते पाहा ना. मी पाहिलं नाही. लोकांच्या आधारमधला चुकलेला एक आकडा मला लांबून दिसतो, पण आईच्या फोनवर तर नंबर नव्हता, नाव होतं.

मग शोधता शोधता एक साइट सापडली. फोन लावण्याआधी मिनिटाचा दर सांगते, नंतर सेकंदासकट हिशेब पाठवते, लपवाछपवी नाही. मी हरखलेच. देशांच्या यादीतून दुबईवाला देश निवडला, नंबर टाकला. लाल अक्षरांत आलं, हा नंबर या देशाचा नाही. तीनदा टाकला, तिन्ही वेळा तेच. मी तणतणत त्यांना लांबलचक तक्रार लिहिली, स्वस्ताच्या नावाखाली गरिबाला फसवता म्हणून. दुसऱ्या दिवशी चार ओळींचं सभ्य उत्तर आलं. दुबईचे नंबर नऊशे एकाहत्तरनं सुरू होतात. आपला नंबर पंच्याण्णवनं सुरू होतो. तो म्यानमारचा आहे. तिथला दर खालीलप्रमाणे. खरं सांगते देवेंद्र, मी आधी दर वाचला. देशाचं नाव नंतर डोक्यात शिरलं.

आईला मात्र आधीच काहीतरी खटकलं होतं. ती म्हणायची, पोरगा असा पुस्तकावानी काऊन बोलून राहिला? मी तिला उडवून लावायची, साहेबांत राहून सुधारला असेल म्हणायची. ज्याचं एक वाक्य ‘काऊन’शिवाय पुरं होत नव्हतं, तो आता ‘मी मजेत आहे, तुम्ही काळजी करू नका, जेवण चांगलं मिळतं’ असं म्हणायचा. दर रविवारी तेच, त्याच क्रमानं. पण अश्विन असा सुधारणाऱ्यांतला आहे का? त्याच्या मनात एकदा बसलं की बसलं. बोडीचंच घे. तुमच्या धानाच्या बांधीला लागून असलेलं एवढंसं तळं, आणि सातवीतला हा शहाणा एकटा त्यात उतरला. गाळात पाय रुतला. तू केस धरून त्याला ओढून काढलंस, काठावर आणून एक थोबाडीत दिलीस आणि मग तूच रडत बसलास. मार मिळेल म्हणून आपण तिघांनी ते कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर अश्विननं घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. शाळेची सहल इटियाडोह धरणावर गेली, तर पोटात दुखतं म्हणून बसमधून खाली उतरला नाही.

गेल्या रविवारी आई शेतावर गेली होती. मी त्याच साइटवरून, या वेळी म्यानमार निवडून, फोन लावला. पहिल्याच झटक्यात लागला. इतका स्वच्छ की तिकडच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि आजूबाजूला बरीच पोरं एकदम फोनवर बोलत असल्याचा आवाज. मी अश्विनला विचारलं, तू नेमका आहेस कुठं? त्याच्या हातून कोणीतरी फोन ओढून घेतला. मग दुसराच माणूस बोलायला लागला, हिंदीत, फार गोडीनं. मला दीदी म्हणाला. तुमचा भाऊ मेहनती आहे म्हणाला. त्याचा दोस्त देवेंद्र मंगळवारी निघतो आहे ना, तो इथं पोहोचला की अश्विनला सुट्टी देऊ, महिनाभरात घरी येईल. उगाच इकडं तिकडं विचारत फिरू नका, तकलीफ त्यालाच होईल. बाबांचं नाव, माझ्या सेंटरचं नाव, सगळं त्याला पाठ होतं. नंतर साइटनं हिशेब पाठवला. तीन मिनिटं अकरा सेकंद, म्यानमार. नोकरीच्या नावानं नेऊन पोरांना कोंडतात आणि फोनवरून लोकांना लुबाडायला लावतात, असं पेपरात वाचलं होतं, ते हेच.

आणि मी गप्प बसले. एक दिवस नाही, सहा दिवस. आईला सांगून टाकलं की अश्विन येतो आहे. तिनं त्याची चादर धुऊन वाळत घातली. गुरुवारी तू अर्जुनीला भेटलास, चहा पाजलास, दोन वर्षांत परत आलो की दोन्ही घरी बोलू, जातीचं काय ते बघून घेऊ म्हणालास, तेव्हाही मी कपाकडे बघत बसले. एका बाजूला भाऊ होता आणि दुसऱ्या बाजूला तू. तू जाशील तर तो येईल, असं मी मनाशी म्हणत होते. याची मला लाज वाटते, आणि ती तुझ्यापासून लपवायची नाही.

पण त्याच चहावर तू हसत हसत काय सांगितलंस ते आठव. अश्विननं स्वतः फोन केला, लवकर ये म्हणाला, आपल्या बोडीत पोहत होतो ना, तसाच मजेत आहो म्हणे. त्याला अजून बोडी आठवते याचंच तुला कौतुक. मीही हसले. आज सकाळी म्हैस धुवायला कॅनॉलवर नेली, ती पाण्यात उतरली आणि ते वाक्य मला तेव्हा कुठं नीट ऐकू आलं. देवेंद्र, तो बोडीत पोहत नव्हता. हे जगात आपल्या तिघांनाच ठाऊक आहे. त्या लोकांनी शेजारी माणसं उभी करून त्याच्याकडून तुला बोलावणं धाडलं, आणि त्यातच त्यानं तुला काठावर थांबायला सांगितलं. तू गेला नाहीस तर स्वतःची सुटका नाही, हे माहीत असून सांगितलं. त्याला जे एका वाक्यात जमलं ते मला सहा दिवस जमलं नाही, म्हणून हे पत्र. जाऊ नकोस. सोमवारी सकाळच्या गाडीनं अर्जुनीला ये. फोन खोलीवरच राहू दे, इंद्रकुमारनं दिलेला कागद न् कागद घेऊन ये. साइटचे हिशेब मी छापून ठेवले आहेत, त्यावर देशाचं नाव आहे. आपण दोघं मिळून तक्रार देऊ. उद्या रविवार आहे. बारा वाजता आई फोन घेऊन माझ्याजवळ बसेल, आणि तो गोड माणूस मला विचारेल, देवेंद्र निघतो आहे ना. मी हो म्हणणार आहे.

आजवर कुठल्या चिठ्ठीखाली लिहिलं नाही, ते आज लिहिते,
तुझीच,
अल्का