जांभळा पंप

॥ ॐ नमः शिवाय ॥
नांदेड, ६ जानेवारी २०२५

ती. आईस शिवकन्येचा सा. न. वि. वि.

फोनवर चार शब्द बोललीस की तुला दम लागतो, म्हणून आता पत्रच. सावकाश वाच, सावकाश लिही.

दिवाळीला इथल्या डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा जांभळा पंप संपत आला असेल, नवा पाठवून राहिले. सकाळ-संध्याकाळ ओढ आणि नंतर चूळ भर. तुझ्या लेकानं, अण्णानं आणलेला लाल बंद कर. चुलीच्या धुरानं तीस वर्षं तुझी छाती खाल्ली, तिला आता चांगलंच औषध पाहिजे. अण्णाला मात्र बोलू नको. त्याच्या डॉक्टरात काय कमी होतं म्हणून महिनाभर फुगून बसेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी शिवकन्या

लातूर, १७ जानेवारी २०२५

चि. शिवकन्येस अ. उ. आ.

पंप पोचला. तुझा अण्णा दोन टाइम लाल पंप घेऊन मास्तरावानी समोर उभा ऱ्हातो. त्याला न्हाई कसं म्हणू? अन् तू एवढ्या जिवानं पाठवलेला टाकून कसा देऊ? दिवाळीपासून दोन्ही घेऊन राहिले. लाल त्याच्यासमोर. जांभळा इष्टलिंगाच्या पूजेला बसल्यावर, तवा मला कुणी हाक मारत न्हाई. विभूतीच्या डब्यात ठेवते. पूजेतून उठता येत न्हाई, म्हणून चूळ तेवढी ऱ्हाते.

आठ दिस झाले, कफ हिरवा पडून राहिला, अंगात कणकण हाय. पण दोन लेकरांचं औषध चालू हाय, उतरंल. तू लई जाडी झालीस म्हणे, फोटो बघून अण्णा हसत व्हता.

म्हातारीवर जीव असू दे.
आई

लातूर, २५ जानेवारी २०२५

चि. शिवकन्येस सिद्धलिंगचे आशीर्वाद.

आई दवाखान्यात आहे एवढंच फोनवर सांगितलं. पुढं बोललो असतो तर भांडलो असतो, म्हणून लिहितो.

बुधवारी ती पूजेतून उठलीच नाही. नखं निळी पडली होती. दुसरं काही औषध चालू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी छातीवर हात ठेवून नाही म्हणालो. संध्याकाळी तिची विभूती न्यायला घरी आलो, डबा उघडला, तर आत जांभळा पंप आणि खाली घडी घातलेलं तुझं पत्र. दोन्ही घेऊन तसाच दवाखान्यात परत गेलो.

डॉक्टरांनी दोन्ही पंप टेबलावर शेजारी ठेवले. औषध एकच, शिवकन्या. रंग आणि कंपनी तेवढी वेगळी. त्यातला एक भाग श्वासनळ्या मोकळ्या करतो. दुसरा स्टेरॉइड, तो सूज उतरवतो, पण जास्त झाला की तिथली जंतूंपासूनची राखण ढिली पडते. कफात जंतू निघालेत, निमोनिया झालाय. सगळं यानंच झालं असं सांगता येत नाही म्हणाले, पण अडीच महिने दुप्पट औषध गेलं.

तुझा लई राग आला. मग वाटलं, मी तरी नुसता समोर उभा राहत होतो. आणखी काय घेतेस, हे एकदाही विचारलं नाही.

आज तिनं मास्क बाजूला केला. मला वाटलं पाणी मागेल. म्हणाली, शिवकन्येचा पंप बंद केलाय हे तिला कळवू नको, तिला वाईट वाटंल.

माझ्यावरचा लोभ तुटू देऊ नको. लवकर ये. येताना काही आणू नको.

तुझा अण्णा